बरणीत बर्फ नको, मोह पाडा

आज आधी माझी चूक सांगतो, मग मत सांगतो.

गेल्या डिसेंबरात आपल्या चॅनलवर एक व्हिडिओ टाकला होता. काचेच्या बरणीपासून स्नो ग्लोब. बरणी उलटी, आत छोटं झाड, पाणी, पांढरी चमकी. हलवलं की बर्फ पडतो. त्यात मी छातीठोकपणे म्हणालो होतो, "खर्च साठ, विक्री दोनशे, नफा एकशे चाळीस." एप्रिलमध्ये लाखनीकडच्या एका ताईंचा फोन आला. "भाऊ, पाणी पाझरून राहिलं जी." त्यांनी बचत गटातून उचल घेऊन साठ नग बनवले होते. विकले गेले अकरा. उरलेल्यांपैकी काहींचं झाकण पाझरलं, काहींतलं पाणी हिरवट झालं, काहींत झाड सुटून पाण्यात तरंगायला लागलं. उचलीचा हप्ता मात्र दर महिन्याला येतच होता.

ताईंच्या हातात कला आहे. चूक त्यांची नव्हती, माझ्या सल्ल्याची होती. म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न : लोक विकत काय घेतात?

या वस्तूचा इतिहास बघा. सन 1900 च्या सुमारास व्हिएन्नात एर्विन पेर्झी नावाचा कारागीर शस्त्रक्रियेची अवजारं बनवायचा. डॉक्टरांना जास्त उजेड मिळावा म्हणून त्याने दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवून पाहिला. उजेड वाढावा म्हणून त्या पाण्यात चक्क रवा टाकला. उजेडाचं काही जमलं नाही, पण रव्याचे कण हळूहळू खाली येताना त्याला बर्फ दिसला. मग त्याने गोळ्यात मारियात्सेल या तीर्थाच्या ठिकाणच्या चर्चची छोटी प्रतिकृती बसवली. यात्रेकरू ती आठवण म्हणून घरी नेऊ लागले. त्याचं कुटुंब आजही व्हिएन्नात हेच गोळे बनवतं.

म्हणजे पहिल्या दिवसापासून विकली गेली ती एका जागेची आठवण. बर्फ निमित्ताला होता, कारण त्या लोकांच्या हिवाळ्यात तो खराच पडतो. आपण निमित्त उचललं आणि आठवण तिकडेच ठेवली. तुमसरच्या बाजारात उभा असलेला माणूस बर्फातलं ख्रिसमसचं झाड बघून "छान आहे" म्हणतो आणि पुढे जातो. त्याचं त्यात काही नसतं.

दुसरा प्रश्न : हिशोब खरा आहे का?

माझा साठ रुपयांचा हिशोब खोटा होता, कारण मी बरणी घरातली धरली होती आणि मजुरी शून्य. साठ नगांसाठी लोणच्याच्या जुन्या बरण्या कुठून येणार? आता वहीत पुन्हा मांडू. भाव तुमच्या गावाप्रमाणे बदलून घ्या.

- 300 मिलीची नवी बरणी : 30
- ग्लिसरीन : 25
- डिस्टिल्ड पाणी : 8
- आतलं चित्र, रंगासकट : 25
- गोंद आणि सिलिकॉन : 10
- चमकी : 2
- खोका आणि पॅकिंग : 20

झाले 120. दहात एक फुटतो किंवा पाझरतो, त्याचे 12 धरा. एका नगाला पाऊण तास लागतो. तुमच्या तासाचे 60 रुपये धरले तर मजुरी 45. एकूण 177. दोनशेला विकलं तर उरतात 23, आणि त्यातून जागेचं भाडं आणि गाडीभाडं अजून जायचंय.

ताई, तुमची मजुरी हा खर्चच आहे. ती वहीत लिहिली नाही तर धंदा फायद्यात दिसतो आणि तुम्ही फुकट राबता.

म्हणजे ही वस्तू किमान तीनशेला तरी विकली गेली पाहिजे. चमकीच्या बर्फाला तीनशे कोणी देणार नाही. स्वतःच्या गावाला देईल.

मग आपल्याकडे काय पडतं?

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मोह पडतो. मार्च-एप्रिलमध्ये नागझिऱ्याच्या, कोक्याच्या जंगलालगतच्या गावांत पहाटेच टोपली घेऊन बाया निघतात. झाडाला पानं जेमतेम, खाली फिकट पिवळसर फुलांचा सडा. पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्या पोराने ते लहानपणी पाहिलंय, आणि आता एप्रिलमध्ये त्याला सुट्टी नसते. तुमचं गिऱ्हाईक तो आहे.

आषाढातली रोवणी घ्या : हिरवी बांधी आणि वरून रुपेरी चमकीचा पाऊस. तान्हा पोळा घ्या : चाकांवरचा छोटा नंदीबैल आणि त्यावर रंगीत चमकीचा गुलाल. बाकीचे ऋतू तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

बनवताना पाच गोष्टी

1. झाड किंवा बैल एम-सीलने झाकणाच्या आतल्या बाजूवरच घडवा. ते पाण्यात टिकतं आणि वेगळा गोंद लागत नाही. पूर्ण कडक झाल्यावर ऑइल पेंट द्या. रंग चांगला वाळला की मगच पाणी भरा. लाकूड फुगतं, लोखंड गंजतं, कच्ची माती विरघळते आणि झटपट चिकटणारा गोंद पाण्यात सुटतो. ताईंचं झाड त्यामुळेच तरंगलं.
2. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी घ्या आणि बरणी उकळत्या पाण्यातून काढून वाळवा. पाणी हिरवं होणं इथेच थांबतं.
3. मोहाच्या फुलांसाठी अंड्याचं टरफल वापरा. उकळा, आतला पातळ पापुद्रा पूर्ण काढा, नाहीतर वास मारतो. वाळवून जाडसर चुरा करा. रंग बराचसा मोहासारखाच येतो आणि खर्च नाही. पेर्झीचा रवा मात्र वापरू नका, आपल्या उकाड्यात तो आंबेल. खरी फुलंसुद्धा सडतात.
4. 300 मिलीला 50-60 मिली ग्लिसरीन पुरतं. त्याने पाणी जड होतं आणि कण सावकाश उतरतात. चमकी वर गोळा होऊन तरंगत असेल तर भांड्याच्या साबणाचा एकच थेंब टाका.
5. बरणी अगदी काठोकाठ भरू नका, मटारएवढा बुडबुडा राहू द्या. पाणी तापलं की फुगतं, आणि आपला मे महिना तुम्हाला माहीत आहे. झाकणाच्या आट्यांना सिलिकॉन लावून घट्ट बंद करा आणि दिवसभर हात लावू नका. वरून मोहाडी-आंधळगावकडच्या कोशाच्या कापडाचा उरलेला तुकडा गुंडाळला, तर झाकणही आपल्याच जिल्ह्याचं होतं.

विकण्याआधी तीस दिवस

हा नियम मी आधी सांगायला हवा होता. पहिले तीन नग बनवा आणि विकू नका. वर्तमानपत्रावर उलटे ठेवा. एक सावलीत, एक टिनाच्या छपराखाली आणि एक मुलांच्या हाताशी. तीस दिवसांनी कागद कोरडा, पाणी स्वच्छ आणि झाड जागेवर असेल, तरच चौथा नग. तोवर बरण्यांची पेटी आणायची नाही आणि गटातून उचल तर मुळीच नाही.

आणखी एक : पाण्याने भरलेली गोल बरणी भिंगासारखी काम करते. उन्हात ठेवली तर किरण एका जागी गोळा होऊन कापड पेटू शकतं. "खिडकीत, उन्हात ठेवू नये" ही चिठ्ठी प्रत्येक खोक्यात गेलीच पाहिजे.

कधी विकायचं?

मोहाची बरणी मोहाच्या दिवसांत विकू नका. तेव्हा गावात खरा मोह पडलेला असतो, काचेतला कोण घेणार? ती विका दिवाळीत. भाऊबीजेला बाहेरगावची माणसं घरी येतात, मग गावोगावी मंडई भरते, रात्री नाटक रंगतं. परतीची बॅग भरताना माणूस गावाकडचं काहीतरी सोबत शोधतो. तिथे तुमची बरणी दिसली पाहिजे, तीही आधी सांगून ठेवलेल्या मागणीवर. पहिल्या वर्षी वीस नग पुरे.

त्या ताईंनी फुटके बाजूला काढून उरलेल्या बरण्या धुऊन ठेवल्या आहेत. सध्या तीन मोहाची झाडं टिनाच्या छपराखाली उलटी उभी आहेत. आज अठरावा दिवस. कागद अजून कोरडा आहे. तीस झाले की त्याचा व्हिडिओ टाकीन, पाझरल्या तरी टाकीन.

तुमचं या आठवड्याचं काम : बरणी विकत आणू नका. वहीत एवढंच लिहा, तुमच्या गावात वरून काय पडतं, आणि ते कोणाला आठवतं.