काझीचा घास

तुर्कस्तानातल्या इझमिर शहरात रस्त्याकडेला मोठी कढई तापू लागली की येणारे-जाणारे थांबतात आणि रांग लागते. कुणाच्या तरी घरातले माणूस जाऊन चाळीस दिवस झालेले असतात. त्याच्या आठवणीत ‘लोकमा’ तळून वाटायचा असतो. मैदा, पाणी, यीस्ट आणि चिमूटभर मीठ यांचे सैल पीठ आंबवायचे, मुठीतून लहान गोळे भज्यांसारखे तेलात सोडायचे आणि सोनेरी झाले की गार पाकात बुडवायचे. घेणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. त्याचा धर्म कुणी विचारत नाही. गेलेल्यासाठी त्याने दुवा मागावी, एवढीच अपेक्षा.

‘लोकमा’ हा शब्द अरबी ‘लुक्मा’वरून आला. अर्थ, घास. १२२६ साली बगदादमध्ये लिहिलेल्या पाकग्रंथात या पदार्थाला ‘काझीचे घास’ म्हटले आहे. आज आखाती देशांत रोजा सोडताना खजुरासोबत हेच ‘लुकैमात’ असतात. ग्रीसमध्ये त्यांचेच ‘लुकुमादेस’ होतात. ज्यूंच्या हनुक्का सणात तेलात तळलेल्या गोड पदार्थांना मान असतो, तर पोलंडचे ख्रिस्ती लोक ईस्टरपूर्वीचे उपवास सुरू होण्याआधीच्या गुरुवारी भरलेले डोनट खातात.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? श्रावणाचे उपास-तापास लागण्याआधी घरोघरी ‘आखाड तळतात’. गव्हाचे पीठ आणि गूळ यांचे गुलगुले त्यात आलेच. जिलेबीचे नाव अरबी ‘जलाबिया’शी जोडलेले आहे, आणि तिचा भारतातला एक जुना उल्लेख १४५०च्या सुमाराच्या जैन ग्रंथात सापडतो. जिलेबीचा हा इतिहास पुण्याच्या भांडारकर संस्थेत बसून प. कृ. गोडे यांनी शोधला. आता ही जिलेबी नेमकी कुणाची म्हणायची?

‘हे त्यांचे, हे आपले’ अशी वाटणी हल्ली ताटापर्यंत आली आहे. त्यावर भाषणांचा उपयोग थोडाच होतो. ताटाचे भांडण ताटानेच मिटते. ईदला शीरखुर्मा शेजारी जायचा, दिवाळीला फराळ यायचा, आणि आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही हा दोन्ही घरांचा रिवाज होता. निदान मूठभर साखर तरी त्यात पडायची. भांडे परत द्यायचे म्हणजे दार पुन्हा वाजायचे, चार शब्द व्हायचे. आता फराळ प्लास्टिकच्या डब्यात जातो आणि डबा कचऱ्यात. पदार्थ पोहोचतो, पण परतीची फेरी बुडते.

शेजाऱ्यांना काय चालते, काय नाही, ही अडचण खरी आहे. ती मनात ठेवून अवघडण्यापेक्षा सरळ विचारावे. गुलगुल्यात मांस नाही, अंडे नाही. कढई आणि तेल वेगळे ठेवले की शाकाहारी घरातही ते निःसंकोच जातील. रोज इफ्तारला तळण खाऊन पोट बिघडवण्यापेक्षा एक दिवस तळावे, आपल्यापुरते चार ठेवावेत आणि बाकीचे वाटावेत.

मात्र वाटताना स्टीलची वाटी घ्यावी. ती परत येईलच, आणि रिकामी येणार नाही.