आजाऱ्याच्या खोलीतले हसू

आजारी माणसाच्या खोलीत शिरताना आपण पादत्राणांबरोबर हसूही उंबऱ्याबाहेर काढून ठेवतो. आवाज आपोआप खाली येतो, मुद्रा गंभीर होते. आपली प्रकृती किती खालावली आहे, हे अंथरुणावरच्या माणसाला डॉक्टरांच्या अहवालापेक्षा भेटीला येणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरूनच अधिक कळते. हे सारे मायेपोटी घडते, यात शंका नाही. परंतु ज्याला महिनोन्‌महिने त्या खोलीतच काढायचे आहेत, त्याच्या वाट्याला या मायेमुळे एक निराळेच एकटेपण येते. बाहेरच्या खोलीत हसण्याखिदळण्याचा आवाज येत असतो आणि आपल्या खोलीचे दार उघडताच तो थांबतो, हे त्याला रोज ऐकू येते.

संकटात विनोद कशाला, असे विचारणाऱ्यांनी व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांचे अनुभव जरूर वाचावेत. दुसऱ्या महायुद्धात ते नाझींच्या छळछावण्यांत होते. आईवडील, भाऊ आणि पत्नी या सर्वांना त्यांनी त्या काळात गमावले. 1946 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. छावणीत बांधकामाच्या कामावर त्यांच्याबरोबर एक शल्यचिकित्सक राबत असे. त्याच्याशी फ्रँकल यांनी करार केला, की सुटका झाल्यानंतर आपल्या बाबतीत घडू शकेल अशी एक तरी गमतीची गोष्ट दोघांनी रोज रचायची. छावणीत मिळणारे सूप म्हणजे निव्वळ पाणी असे, आणि वाटाण्याचे जे काही दाणे असतील ते तळाशी बसलेले असत. त्यामुळे वाढणाऱ्याने पळी खोल घालावी, एवढीच प्रत्येकाची आशा असे. यावरून कैद्यांनी कल्पना केली, की पुढे कधीतरी आपण एखाद्या प्रतिष्ठित घरी मेजवानीला जाऊ आणि सवयीने यजमानीणबाईंनाच विनवू, ‘बाई, तेवढे तळातून वाढा!’

या विनोदाने त्यांच्या ताटलीत एकही दाणा वाढला नाही. पण ज्या भुकेपुढे ते चोवीस तास अगतिक होते, तिच्याकडे क्षणभर दुरून पाहण्याची जागा त्यांना मिळाली, आणि त्या जागेवरून सुटकेनंतरचे घर दिसत होते. मात्र एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. हा विनोद उपाशी माणसांनी आपल्या भुकेवर केलेला होता. हेच वाक्य पहारेकऱ्याच्या तोंडून आले असते तर तो छळाचाच एक प्रकार ठरला असता. विनोद कोणता, यापेक्षा तो कोणाचा, हा प्रश्न मला आजाऱ्याच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा वाटतो.

आपल्या भाषेतही असे उदाहरण आहे. ‘बाळकराम’ या नावाने महाराष्ट्राला हसवणारे राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेर येथे वयाच्या अवघ्या 33 व्या वर्षी गेले. दीर्घ आजाराने शरीर थकले असताना, मृत्यूच्या उंबरठ्यावर त्यांनी पुरे केलेले नाटक म्हणजे ‘भावबंधन’, आणि ते आहे हास्यरसाने भरलेले! त्या लेखनाने त्यांचे आयुष्य वाढले नाही.

हे स्पष्ट सांगण्याचे कारण असे, की ‘हसा आणि रोग पळवा’ छापाचे उपदेश हल्ली फार झाले आहेत. त्यांच्या मुळाशी बहुधा नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकांची कथा असते. 1964 मध्ये त्यांना सांध्यांच्या अत्यंत वेदनादायक आजाराने गाठले. त्यांनी खोलीत विनोदी चित्रपट आणून पाहण्याचा सपाटा लावला, आणि दहा मिनिटे खळखळून हसल्यावर आपल्याला दोन तास वेदनारहित झोप मिळते, असे नोंदवले. 1976 मध्ये एका ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा हा अनुभव छापून आला. तो प्रामाणिक आहे, पण एका माणसाचा आहे. ते त्याच वेळी अन्य उपायही करीत होते. त्यावरून औषधे बंद करण्याचा विचार कोणी करू नये. हसल्याने काही काळ वेदना सुसह्य होते, एकत्र बसून हसल्याने अधिक होते, असे ऑक्सफर्डच्या रॉबिन डन्बार यांच्या प्रयोगांतही दिसून आले आहे. तेवढे मान्य करावे आणि तेवढ्यावर समाधान मानावे.

आता पुन्हा त्या ‘कोणाचा’ या प्रश्नाकडे वळू. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबात वृद्ध सासरे आहेत. निवृत्त शिक्षक, आयुष्यभर सभासंमेलने केलेली, खांद्याला कायम शबनम पिशवी. प्रोस्टेटच्या त्रासामुळे त्यांना लघवीची नळी आणि पिशवी लावावी लागली. मुलगा कामाला जाणारा, त्यामुळे दिवसा ती पिशवी रिकामी करण्याचे काम सुनेकडे आले. पहिले दोन आठवडे दोघेही एकमेकांकडे पाहात नसत. ती आली की ते भिंतीकडे तोंड करीत आणि ती श्वास रोखून काम उरकी. सासरा आणि सून यांच्यामधले हे अवघडलेपण किती जीवघेणे असते, ते अशा घरांतच कळते. एके दिवशी आप्पाच म्हणाले, “सूनबाई, शबनम भरली बघ. रिकामी कर, नाहीतर सगळे साहित्य वाहून जाईल!” तिला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी तीही म्हणाली, “आप्पा, आजचा अंक जरा जाडच निघालाय.”

त्या एका शब्दाने त्या घरात काय घडवले ते पाहा. उच्चारायला नकोशा वाटणाऱ्या गोष्टीला एक नाव मिळाले. आप्पा पाणी कमी पीत होते, कारण पिशवी लवकर भरू नये. ते पुन्हा नीट पिऊ लागले. आणि एका सकाळी ते म्हणाले, “आज अंक लाल छापलाय वाटतं.” सुनेने पाहिले तर लघवीत रक्त. तिने तत्काळ डॉक्टरांना फोन केला. (नळी लावलेल्या रुग्णाला लघवीतून रक्त येणे, ती गढूळ वा दुर्गंधीयुक्त होणे, ताप येणे किंवा पिशवीत लघवीच न जमणे, यांपैकी काहीही दिसल्यास वाट पाहू नये.) दोन आठवड्यांपूर्वी हेच घडले असते तर संकोचापायी त्यांनी ते संध्याकाळपर्यंत दडवले असते.

पुढे दिवाळीत पाहुणे जमले असताना एका उत्साही पुतण्याने सर्वांदेखत विचारले, “काय काका, शबनम भरली का?” आप्पा त्या संध्याकाळी पुन्हा बोलले नाहीत. शब्द तोच होता. पण सुनेला तो त्यांनी स्वतः देऊ केला होता, आणि ती रोज त्या कामात हात घालत होती. पुतण्याने तो परस्पर उचलला. शुश्रूषा करणाऱ्यांनी एवढे पथ्य पाळले तरी पुरे, की आजारावरचा पहिला विनोद आजाऱ्याने करावा, आपण त्याच्या मागून जावे. आणि त्याने तो केला, तर ‘असे अभद्र बोलू नये’ म्हणून त्याचे तोंड बंद करू नये.

मात्र काही विनोद हसून सोडून देण्याजोगे नसतात. ‘आता माझे काय, गोवऱ्या मसणात गेल्या’ हे आपल्याकडे वृद्धांच्या तोंडी सर्रास असते. एरवी चहाच्या कपापासून निवडणुकीपर्यंत सगळ्यांची टिंगल करणारा माणूस हेही म्हणत असेल, तर काळजीचे फारसे कारण नाही. पण बाकीची थट्टा मावळून हे एकच पालुपद उरले असेल, जोडीला भूक आणि झोप कमी झाली असेल, आवडत्या गोष्टींतून मन उडाले असेल, तर जवळ बसून सरळ विचारावे की जीव नकोसा झाला आहे का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळे करायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर त्या व्यक्तीला एकटे न ठेवता डॉक्टरांची मदत त्याच दिवशी घ्यावी. विनोदाच्या प्रकारांचा अभ्यास करणारे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी 2003 मध्ये मांडलेल्या वर्गवारीत, दुसऱ्यांना आवडावे म्हणून स्वतःला पायदळी तुडवणारा विनोद हा एक स्वतंत्र आणि अपायकारक प्रकार मानला आहे. वरवर तो खेळकरपणासारखाच दिसतो.

कमी ऐकू येणाऱ्यांचा प्रश्न याहून वेगळा, आणि घराघरांत दुर्लक्षिलेला. जेवणाच्या वेळी सारे हसतात, आजींना कळत नाही. त्या विचारतात, “काय झालं रे?” उत्तर येते, “काही नाही आजी, सोड.” हे ‘सोड’ दिवसातून चारदा ऐकले की माणूस विचारणे सोडतो, आणि हळूहळू हसणारे आपल्यालाच हसतात असा समज करून घेतो. तेव्हा विनोद पुन्हा सांगावा. समोर बसून, ओठ दिसतील असे, सावकाश सांगावा. दुसऱ्यांदा सांगताना त्याची खुमारी जाते हे खरे, पण ते नुकसान आपण सोसावे. श्रवणयंत्र पेटीत पडून असेल तर ते का पडून आहे, याचीही चौकशी करावी.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी सिडनीतील 35 शुश्रूषागृहांत हास्योपचाराचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित विदूषक येऊन रहिवाशांशी खेळीमेळीने वागत. त्यातून नैराश्य अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाही. परंतु रुग्णांची अस्वस्थता, चिडचिड, आदळआपट यांत घट झाली. ज्यांनी असा रुग्ण घरी सांभाळला आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. शब्दकोटी अशा रुग्णाला बहुधा झेपत नाही. टोपी उलटी घालणे, नाचत नाचत चहा आणणे, जुन्या गाण्यावर ताल धरणे हे मात्र झेपते. त्याच्या चुकीवर हसू नये, त्याने केलेल्या गमतीवर हसावे. आणि आजींचा गोंधळ मोबाईलवर टिपून कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला अत्यंत असभ्य वाटते.

याउलट, पूर्वी गंभीर असलेला माणूस उतारवयात अचानक चारचौघांत अश्लील बोलू लागला किंवा दुसऱ्याच्या दुःखावर हसू लागला, तर तो ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून न देता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशांत विनोदबुद्धीतील बदल हे आरंभीचे लक्षण असू शकते. पक्षाघातानंतर काहींना कारणाविना हसू वा रडू फुटते आणि आवरता येत नाही. तो मेंदूच्या इजेचा परिणाम असतो, त्यावर औषधे आहेत. अशा वेळी त्यांना रागावू नये.

दोन लहान गोष्टी राहिल्या. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्यांना गिळताना आधीच अडचण असते, त्यामुळे तोंडात घास असताना त्यांना हसवू नये. अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. दुसरी गोष्ट भगिनींसाठी. डॉ. मदन कटारिया यांनी 1995 मध्ये मुंबईत पहिला हास्यक्लब सुरू केला आणि आज गावोगावच्या बागांत सकाळी हास्याचे गजर ऐकू येतात. पण हसताना थेंबभर लघवी होते, म्हणून तिकडे जाणे सोडणाऱ्या कितीतरी जणी आहेत. कोणी हे बोलत नाही. ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या व्यायामाने हा त्रास पुष्कळांचा कमी होतो. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट तो व्यायाम शिकवतात, आणि सत्तरीनंतरही त्याचा उपयोग होतो.

शुश्रूषा करणाऱ्यांनीही हसायचे असते. रात्री तीनदा उठलेल्या दोघी जावा सकाळी ओट्यापाशी रात्रीच्या फजितीवर हसत असतील, तर त्या निष्ठुर नव्हेत. तो त्यांचा दिवसभराचा श्वास आहे. फक्त ते हसू आजाऱ्याच्या कानी पडू नये, एवढी खबरदारी घ्यावी.

आणि माणूस गेल्यानंतरही हे थांबत नाही. दहाव्या-बाराव्याच्या रात्री सतरंजीवर ओळीने आडवे झालेले नातेवाईक गेलेल्याच्या आठवणी काढतात, एखादी लकब, एखादी फजिती निघते आणि दबलेले हसू फुटते. पुष्कळदा सर्वांत आधी हसते ती त्याची पत्नी. मग एकदम दचकून ती इतरांच्या चेहऱ्यांकडे पाहते. त्या वेळी कोणी गंभीर होऊ नये. तिला पुढची आठवण विचारावी.