रजिस्टर वाळवीने खाल्ले म्हणतात, पुढे काय?

मागच्या रविवारी डोलवीचे एक बंधू घरी जयभीम करून गेले. कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहेत. मुलगी बारावी सायन्सला, हुशार. जातीचा दाखला मिळाला, पण पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पाहिजे. आजोबा चौथीपर्यंत शिकले होते एवढे घरात माहीत. त्यावर शाळेत गेले, तर उत्तर मिळाले, "ते रजिस्टर वाळवीने खाल्ले." दुसऱ्या एका कचेरीत गेले, तर म्हणाले, "जुने रेकॉर्ड गोपनीय असते, देता येत नाही." दोन्ही उत्तरे तोंडी. तीन खाडे झाले, हाती कागद एकही नाही.

या दोन्ही उत्तरांचा आज विचार करू, कारण ही उत्तरे बहुतेक घरांनी ऐकलेली आहेत.

आधी वाळवी. कारकुनाच्या टेबलाला सहा गठ्ठ्यांची पद्धत असते. चालू प्रकरणे, प्रतीक्षेतली, नियतकालिक, स्थायी आदेशांची, रेकॉर्ड रूमला पाठवायची आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. शिवाय प्रत्येक फाइलला वर्ग असतो. 'अ' म्हणजे कायम ठेवायची, 'ब' तीस वर्षे, 'क' दहा किंवा पाच वर्षे, 'ड' एक वर्ष. शाळेचे जनरल रजिस्टर कायम जपायचे असते. म्हणजे ते मुद्दाम नष्ट करण्याचा प्रश्नच येत नाही. आणि कोणताही कागद नष्ट करायचा तर यादी करावी लागते, साहेबांचा हुकूम लागतो, नोंद ठेवावी लागते. म्हणून वाद घालू नका. अर्जात एवढेच लिहा : रजिस्टर नष्ट केले असेल तर यादीची व आदेशाची प्रत द्यावी, गहाळ असेल तर तसे लेखी द्यावे. पुष्कळदा या एका ओळीने वाळवीच्या तोंडातले रजिस्टर कपाटावर सापडते!

सगळेच कारकून लबाड असतात असे मी म्हणत नाही. कोकणातली ओल, गळकी छपरे, २००५ च्या २६ जुलैचा पूर आपण पाहिला आहे. पण 'सापडत नाही' हे माहिती नाकारण्याचे कारण माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये कुठेही दिलेले नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की कधीकाळी दप्तरात असलेली माहिती नुसती सापडत नाही म्हणून नाकारता येणार नाही, कसून शोध घ्या, चौकशी करा. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदाही २००५ चाच. नियम सोडून रेकॉर्ड नष्ट करणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

कागदाची किंमत रायगडच्या माणसाला मी काय सांगणार? महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला, सत्याग्रहानंतर १९२७ मध्ये तो फिरवला. मग तळे आमच्या खाजगी मालकीचे, वहिवाट पुरातन, असे म्हणत काहीजण बाबासाहेबांवर कोर्टात गेले. ती वहिवाट त्यांना शाबीत करता आली नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. दहा वर्षे कागदांवर लढाई चालली होती.

आता गोपनीय. कलम ८ मध्ये खरोखरच काही माहिती राखून ठेवली आहे. देशाची सुरक्षा, सभागृहाचा हक्कभंग, तपासात अडथळा, तसेच व्यक्तिगत माहिती. व्यक्तिगत माहितीचे कलम २०२३ च्या कायद्याने आणखी कडक केले, ते नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. त्यामुळे ही सबब आता जास्तच ऐकू येईल. पण त्याच कलमातले पोटकलम ३ वाचा. वीस वर्षांपूर्वी घडलेल्या बाबीची माहिती मागितली तर सुरक्षा, हक्कभंग आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढे सोडून बाकी सवलती लागू होत नाहीत. आजोबांचे नाव शाळेत घातले त्याला वीस काय, ऐंशी वर्षे होऊन गेली. जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उताराही कोणालाही मागता येतो. त्यात मृत्यूचे कारण मात्र ते देत नाहीत, १९६९ च्या कायद्यातच तशी मनाई आहे.

शाळेत नाहीच मिळाले तर तहसील कचेरीची रेकॉर्ड रूम गाठा. तिथे गाव नमुना १४, म्हणजे जुने लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते, मागा. त्यात जन्ममृत्यूबरोबर जात लिहिलेली असे. आडनाव बहुधा नसते, नुसते नाव, बापाचे नाव आणि जात. म्हणून घरच्या म्हाताऱ्यांना बसवून आधी वंशावळ लिहून काढा. आजोबांचे भाऊ, आत्या, सगळ्यांची नावे घ्या, बापाकडच्या रक्तनात्यातील कोणाचीही नोंद उपयोगी पडते. महार वतन १९५९ मध्ये गेले, पण वतनी जमिनीचे जुने उतारे राहिले आहेत, तेही बघा. आणि १९८१ पूर्वी आपला जिल्हा कुलाबा होता. शोधताना 'पूर्वीचा जिल्हा कुलाबा, तालुका पेण' असे लिहायला विसरू नका.

अर्ज साध्या कागदावर, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून. दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही नको. कशासाठी पाहिजे हे सांगण्याची सक्ती नाही. रेकॉर्ड स्वतः डोळ्यांनी पाहायचे आहे असेही लिहा, पहिला तास फुकट असतो. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातील वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील, नंतर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे.

डोलवीच्या बंधूंचा अर्ज आम्ही त्याच दिवशी लिहिला. लेकीच्याच हातून लिहून घेतला, अक्षर छान आहे तिचे. त्यांची दुसरी पाळी आहे, तेव्हा सोमवारी सकाळी अर्ज देऊन ते कामावर जाणार आहेत, चौथा खाडा न करता.