नाग उपाशी, सर्पमित्र फोटोत!

परवा एका पोराचा फोन आला. "दादा, नाग धरून आठ दिवस झाले, काहीच खाईना. दूध ठेवलं, अंडं ठेवलं. काय करू?" विचारलं, ठेवलाय कशात? तर प्लास्टिकच्या बरणीत, झाकणाला भोकं पाडून. बघायला कोण येतं का? "येतात की! रील पण टाकलं, तुम्ही बघितलं नाही का?"

आता परळीकरांनो, तुम्हीच सांगा. तुम्हाला बरणीत कोंबलं आणि दिवसातून चार वेळा बाहेर काढून लोकांपुढं नाचवलं, तर घास उतरेल का घशाखाली?

परदेशात लोक हौसेनं साप पाळतात. बॉल पायथनसारखा पिंजऱ्यातच जन्मलेला साप घरी आणला की त्याला लपायला अंधारी जागा देतात, एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला गारवा, पाण्याचं भांडं. मग आठवडाभर कुणी हात लावत नाही. खाल्ल्यावरही दोन दिवस उचलत नाहीत, नाहीतर ओकून टाकतो. एवढं करूनही काही पायथन महिनोन्‌महिने तोंड उघडत नाहीत. मग तुराट्यांच्या ढिगातून ओढून काढलेला नाग बरणीत कसा जेवणार? तो रुसलेला नाही, देव कोपलेला नाही. तो भ्यालाय.

आणि ते दूध बंद करा राव! साप उंदीर, बेडूक खातो, दूध त्याला पचत नाही. पंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो, कारण त्याला कित्येक दिवस पाण्याचा थेंब दिलेला नसतो. ते दूध फुप्फुसात गेलं की नाग मरतो. आपण हळदी-कुंकू वाहून मोकळे.

कायदा सांगितला की लोकांना राग येतो, तरी सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली. नाग आता पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. घरात ठेवला तर तीन ते सात वर्षं कैद. बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची मिरवणूक हायकोर्टाच्या आदेशानं बंद पडली, आणि आमच्या गल्लीत बरणीतला नाग पोरांच्या वाढदिवसाला हजर!

सगळे सर्पमित्र असे नाहीत. रात्री दोनला स्वतःच्या पैशाचं पेट्रोल टाकून शेतकऱ्याच्या घरी धावणारे आपल्याकडं आहेत. साप धरतात, वन विभागाला कळवतात, जवळच्याच रानात सोडतात. त्यांना ओळखपत्र, विमा जरूर मिळावा. पण बरणीवाल्यांनाही तेच ओळखपत्र मिळणार असेल तर माझा विरोध आहे, लिहून ठेवा.

साप ठेवायचाच तर तो कसा, हे तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींकडं बघा. १९७८ साली स्थापन झालेली त्यांची सहकारी संस्था परवान्यावर साप धरते. मातीच्या मडक्यात, तोंडाला फडकं बांधून, काही आठवडे ठेवतात, विष काढतात आणि परत रानात सोडतात. त्या विषापासून लस बनते. आपला माणूस कापूस वेचताना चावला गेला तर हीच लस लागते. रील नाही लागत.

यात आम्ही पत्रकार काही धुतल्या तांदळासारखे नाही. "सर्पमित्राने दिले नागाला जीवदान" हे हेडिंग मी स्वतः कितीदा लावलंय. साप सोडला कुठं, किती दिवसांनी, जिवंत होता का, हे एकदाही विचारलं नाही. फोटो आला, कॉलम भरला. चूक माझी.

इथून पुढं सोडल्याची तारीख, जागा आणि वन विभागाची नोंद असेल तरच बातमी लागेल. नुसता गळ्यात नाग घातलेला फोटो मला पाठवू नका. तो फोन करणारा पोरगा त्याच संध्याकाळी माझ्यासोबत वनरक्षकाकडं आला आणि बरणी देऊन गेला. नाव सांगणार नाही. बाकीच्या बरण्या कुणाकुणाच्या घरात आहेत ते मला माहीत आहे, दोन दिवस थांबतो.