एका तारखेची पाच नावे

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावर पैठण तालुक्यातील पाचोड लागते. मोसंबीच्या बाजारपेठेमुळे या गावाचे नाव आज दूरवर पोहोचले आहे. १९४० च्या सुमारास पाचोडात जन्मलेल्या माणसाने गावाची वेस न ओलांडता चार राज्ये पाहिली. जन्म निजामाच्या संस्थानात, शाळा हैदराबाद राज्यात, उमेदीची पहिली वर्षे द्विभाषिक मुंबई राज्यात आणि उरलेले आयुष्य महाराष्ट्रात. गाव जागचे हलले नाही. सरकारी कागदावरचा शिक्का मात्र बदलत गेला.

जगाच्या पाठीवर असे नशीब केवळ पाचोडच्या वाट्याला आलेले नाही. युक्रेनच्या पश्चिम टोकावरील उझ्होरोद या शहराने विसाव्या शतकात ऑस्ट्रिया-हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, सोव्हिएत संघ आणि युक्रेन अशा पाच सत्ता अनुभवल्या. युक्रेनला २०२२ साली युरोपीय संघाच्या उमेदवार देशाचा दर्जा मिळाला. संघ मोठा करायचा तर नव्याने येणाऱ्याची जमीन, बाजारपेठ आणि कायदे जोडून भागत नाही, त्याची स्मृतीही सोबत घ्यावी लागते, याची जाणीव युरोपला उशिरा झाली. आपल्याकडे ती अजून पुरती झालेली नाही, आणि त्याची साक्ष एकच तारीख देते.

ती तारीख १७ सप्टेंबर. १९३९ साली याच दिवशी सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसल्या. मॉस्कोच्या भाषेत ते आक्रमण नव्हते. पोलंडमधील युक्रेनियन आणि बेलारूसी बांधवांचे ते ‘संरक्षण’ होते. त्याआधी २३ ऑगस्टला हिटलर आणि स्टॅलिन यांच्या राजवटींत झालेल्या कराराचे गुप्त परिशिष्ट सोव्हिएत संघ १९८९ पर्यंत नाकारत राहिला. पोलंड आणि तीन बाल्टिक देश १ मे २००४ रोजी युरोपीय संघात दाखल झाले ते ही आठवण सोबत घेऊनच. पश्चिम युरोपच्या लेखी १९४५ हे मुक्तीचे वर्ष. बाल्टिक देशांच्या लेखी एका जुलमी सत्तेची जागा दुसरीने घेतली ते वर्ष. नव्या सभासदांनी जुन्यांना हे ऐकायला लावले. २००९ मध्ये युरोपीय संसदेने २३ ऑगस्ट हा सर्व एकाधिकारशाही राजवटींच्या बळींचा स्मृतिदिन म्हणून पाळावा असा ठराव केला. पुरोगाम्यांच्या पोथीत न बसणारे दुःखही दुःखच असते, हे संसदेत बहुमताने मान्य व्हायला पाच वर्षे लागली.

पोलंडवरील त्या आक्रमणाला नऊ वर्षे होत असताना, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजाम मीर उस्मान अली खान याने हैदराबाद नभोवाणीवरून शरणागती जाहीर केली. १३ सप्टेंबरला सुरू झालेली भारतीय सैन्याची मोहीम पाच दिवसांत संपली. दुसऱ्याच दिवशी मेजर जनरल ब्रार यांच्या तुकड्यांपुढे औरंगाबादने हात टेकले होते; १८ तारखेला निजामाचा सेनापती एल इद्रूस मेजर जनरल चौधरी यांना शरण आला. तेलुगू भाषकांचे आठ, मराठीचे पाच आणि कन्नडचे तीन अशा सोळा जिल्ह्यांचा हा प्रदेश देशाच्या स्वातंत्र्यानंतर तेरा महिन्यांनी स्वतंत्र झाला.

या दिवसाला आज काय म्हणतात? महाराष्ट्रात तो ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’. कर्नाटकात ‘कल्याण कर्नाटक उत्सव’. केंद्र सरकारने २०२२ पासून तो ‘हैदराबाद मुक्ती दिन’ म्हणून साजरा करण्यास प्रारंभ केला आणि २०२४ मध्ये तशी अधिसूचना काढली. तेलंगणात तत्कालीन राज्य सरकारने २०२२ मध्ये त्याला ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हटले आणि २०२४ मध्ये नंतरच्या सरकारने ‘प्रजापालन दिन’. एका तारखेची पाच नावे. त्यांपैकी दोन नावांत मुक्तीचा उच्चार नाही की लढ्याचा नाही, आणि तिसऱ्यात एकात्मता आहे. पण कोणाच्या विरोधाला न जुमानता ती साधली, याचा पत्ता नाही.

‘एकात्मता’ या शब्दाचा आग्रह धरणाऱ्यांचा युक्तिवाद ऐकून घ्यायला हरकत नाही. हैदराबादचे खासदार असदुद्दीन ओवैसी यांनीही २०२२ मध्ये हेच नाव सुचवले होते. सामान्य मुसलमानही जुलमाविरुद्ध लढले, म्हणून ‘मुक्ती’ या शब्दाने त्यांना परके करू नये, असे ते म्हणणे. त्यातील पहिला भाग खरा आहे. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांची हत्या केली. पण शोएबुल्लांचे रक्त कोणत्या शब्दाच्या बाजूने साक्ष देते? ज्या राजवटीत विलीनीकरणाचा अग्रलेख लिहिणे हा मृत्युदंडाचा अपराध ठरत होता, तिचा अंत ही मुक्तीच होती. ती हिंदूंची जेवढी, तेवढीच शोएबुल्लांसारख्यांचीही. ‘मुक्ती’ या शब्दाने दुखावतो तो मुसलमान नव्हे, रझाकारीचा वारसा.

खरे तर शब्दांची ही लपवाछपवी दिल्लीतच सुरू झाली. सैन्याच्या तुकड्या, रणगाडे आणि विमाने उतरलेल्या मोहिमेला ‘पोलीस ॲक्शन’ हे नाव दिले गेले. निजामाने आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे नेले होते; हा देशांतर्गत प्रश्न आहे असे जगाला सांगण्यासाठी त्या क्षणी तो शब्द उपयोगी होता. पण राजनैतिक सोयीसाठी घेतलेला शब्द पुढे इतिहासाचा शब्द झाला आणि एका दशकाचा लोकलढा पोलिसी बंदोबस्ताच्या पातळीवर आला. १९३८ सालचा स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, आर्य समाज आणि हिंदू महासभेचे सत्याग्रह, औरंगाबादपर्यंत पोहोचलेले विद्यार्थ्यांचे ‘वंदे मातरम्’ आंदोलन, सभाबंदीची कुप्रसिद्ध गश्ती क्रमांक ५३, १९४६ साली बिलोलीजवळ अर्जापूर येथे झालेली गोविंदराव पानसरे यांची हत्या, स्वामी रामानंद तीर्थ यांचा तुरुंगवास, सरहद्दीवरच्या कॅम्पांतून चाललेला सशस्त्र प्रतिकार : हे सारे ‘पोलीस ॲक्शन’ या दोन शब्दांत कुठे बसते? रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. म्हणजे ज्या आगीत मराठवाडा होरपळला तिची एक ठिणगी मराठवाड्यातच पडली होती. त्या रझवीला १९५७ मध्ये सुटका होताच पाकिस्तानला जाता आले आणि निजाम १९५६ पर्यंत राजप्रमुखपदी विराजमान राहिला. हे राजकीय शहाणपण असेलही. लढलेल्या माणसांना मात्र ते समजावून सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही.

मुक्तीचे नाव घेणाऱ्यांनीही एका कागदाकडे पाठ फिरवू नये. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना मिस्री यांना पंतप्रधान नेहरूंनी १९४८ च्या अखेरीस संस्थानात पाठवले. सैन्य आल्यानंतरच्या दिवसांत सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता; उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा हे सर्वाधिक झळ पोहोचलेले जिल्हे. मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते. सरदार पटेलांना हे निष्कर्ष मान्य नव्हते. अहवाल अनेक दशके दडवून ठेवला गेला. सरदारांचे आक्षेप आणि अहवाल दोन्ही तेव्हाच छापले असते, तर वाद साधार झाला असता. दडवल्यामुळे आज तो अर्धवट उद्धृत होतो. आधीच्या वर्षभरातील रझाकारांचे अत्याचार वगळून जो सप्टेंबर १९४८ पासूनच इतिहास सुरू करतो, तो अप्रामाणिक आहे. आणि सप्टेंबरनंतर काहीच घडले नाही असे म्हणणाराही तितकाच. त्याच अहवालात, जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. अहवाल दडवणाऱ्यांनी त्यांचेही स्मरण पुसले, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही.

अर्धा इतिहास किती काळ वाट अडवू शकतो, हे बाल्कनमध्ये पाहावे. उत्तर मॅसिडोनिया २००५ पासून युरोपीय संघाचा उमेदवार आहे. ग्रीसच्या आक्षेपामुळे त्या देशाने २०१९ मध्ये आपले नावसुद्धा बदलले. पुढच्याच वर्षी बल्गेरियाने नकाराधिकार वापरला. कारणे भाषेची आणि इतिहासाची. १९४१ ते १९४४ या काळात तेथे बल्गेरियाचा अंमल होता. मॅसिडोनियातील स्मारकांवर त्याला ‘फॅसिस्ट ताबा’ म्हटले जाते आणि बल्गेरियाला तो शब्द खुपतो. मार्च १९४३ मध्ये त्या प्रदेशातील सात हजारांहून अधिक ज्यूंना बल्गेरियन अधिकाऱ्यांनी पकडून जर्मनांच्या हवाली केले, आणि ते ट्रेब्लिंकात मारले गेले. मूळ बल्गेरियातील ज्यू मात्र तेथील समाजाच्या विरोधामुळे वाचले. एक देश पहिले सत्य सांगतो, दुसरा दुसरे. २०१७ च्या मैत्रीकरारानुसार दोन्ही देशांच्या इतिहासकारांची संयुक्त समिती नेमली गेली. तिने सारे वाद मिटवले असे मुळीच नाही. पण वाद दोन सभांऐवजी एका टेबलावर आला, एवढे तरी घडले. तेलंगणा, कर्नाटक आणि महाराष्ट्र एकाच देशाची राज्ये असूनही एका संस्थानाच्या इतिहासासाठी त्यांचे असे टेबल नाही.

स्मृतीच्या प्रश्नाला मराठवाड्यात वाट्याचा प्रश्न चिकटलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले आणि पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झाला होता. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष आणि त्याचा विधिमंडळापुढे वार्षिक अहवाल, ही त्यातील वचने. करारावर मराठवाड्याच्या प्रतिनिधींच्याही सह्या आहेत. तरीही मराठवाडा ‘बिनशर्त’ आला हेच वाक्य अभिमानाने सांगितले गेले. मराठी एकतेसाठी अटी न घालणे हा मोठेपणा खराच. पण एकाने मोठेपणा दाखवला म्हणजे दुसऱ्याला हिशेबातून सूट मिळाली, असा अर्थ मुंबईत काढला गेला. १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा काढला. त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटींचा. संविधानाच्या ३७१ (२) या कलमातील तरतूद १९५६ सालची, त्यानुसार विकास मंडळे स्थापन झाली १९९४ साली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपू दिली गेली. पुनरुज्जीवनाचा ठराव राज्य मंत्रिमंडळाने केला तो २०२२ मध्ये. जायकवाडीच्या पाण्याचीही तीच कथा. धरण पैठणचे, पाणी अडणार वरच्या नाशिक-नगरच्या धरणांत. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा, त्यावर प्राधिकरणाचा आदेश २०१४ चा, आणि अंमलासाठी उच्च न्यायालयाची पायरी.

युरोपचे कौतुक करण्याचे कारण नाही. नोकरशाहीचा तो अजस्र पसारा ब्रिटनला असह्य झाला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो देश बाहेर पडला. पण एक गोष्ट तेथे लिखित नियमाने चालते. ज्या प्रदेशाचे दरडोई उत्पादन संघाच्या सरासरीच्या पाऊणपटीहून कमी, तो अधिक निधीला आपोआप पात्र. त्यासाठी मंत्रिमंडळाची विशेष बैठक त्या प्रदेशात भरवून पॅकेज जाहीर करावे लागत नाही. मराठवाड्यात मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये, मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने, तशी बैठक भरवावी लागली.

त्याच सप्टेंबरात, पाचोडपासून फारशा दूर नसलेल्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीतून उठलेल्या आंदोलनाने सारा महाराष्ट्र ढवळून काढला. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर मतभेद आहेत आणि असणारच. पण त्या आंदोलनाने एक विस्मृतीत गेलेली वस्तुस्थिती चव्हाट्यावर आणली. उर्वरित महाराष्ट्रातील शेतकरी आपल्या पणजोबांची नोंद जिल्ह्याच्या दप्तरात शोधतो. मराठवाड्यातील शेतकऱ्याला त्यासाठी हैदराबादकडे पाहावे लागते. न्यायमूर्ती शिंदे समितीला निजामकालीन नोंदींचा शोध घेण्यासाठी तेथवर जावे लागले. २ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने हैदराबाद गॅझेटियर लागू करण्याचा निर्णय काढला, तेव्हा त्रिभाजनाला ६९ वर्षे होत आली होती. माणसे आणली, जमीन आणली, दप्तर आणायचे राहून गेले!

हे दप्तर केवळ जातीच्या दाखल्यापुरते नाही. गश्ती निघाल्या त्या त्यात आहेत, कोणाला कैद झाली ते त्यात आहे. मुक्तिसंग्रामाचा खरा इतिहास लिहायचा तर हीच साधने वाचावी लागतील. तीन राज्यांनी केंद्राच्या पुढाकाराने इतिहासकारांची एक संयुक्त समिती नेमावी, सुंदरलाल अहवाल, त्यावरील सरदारांचे आक्षेप आणि रझाकारांच्या अत्याचारांच्या नोंदी एकत्र छापाव्यात, संस्थानी दप्तराच्या प्रती संभाजीनगरला आणाव्यात, हे अशक्य कोटीतले काम नव्हे. कागद फारसी, उर्दू आणि मोडीत आहेत. ते वाचू शकणारी पिढी मराठवाड्यात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे आणि नव्यांना शिकवण्याची सोय अजून तोकडी आहे.