सासू, सून आणि एक प्राध्यापक

मे महिन्यात भर दुपारी नेरला माणसानं काय करावं, या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. काही करू नये. अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचं हे माझ्या आत्याचं गाव. बाहेर पारा पंचेचाळिसाच्या घरात, आत कूलरची घरघर, पोटात आमरस आणि हातात वाचनालयातली कादंबरी. तीही कशी? दोन भाऊ, दोन जावा, एक खाष्ट सासू आणि वाटणीला आलेला एक वाडा. बस्स! माणसाला सुटीत आणखी काय हवं?

पण त्या दिवशी आत्याचे जावई आले. ते पुण्याला प्राध्यापक असतात. त्यांनी माझं पुस्तक दोन बोटांत धरून उचललं, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसं.

"तुम्ही हे वाचता?"

"सुटी आहे ना, भाऊजी," मी चोरासारखा म्हणालो.

"वाचनालयानं हा कचरा काढून टाकावा आणि चार गंभीर पुस्तकं घ्यावीत," असा निकाल देऊन ते आमरसाकडे वळले. आमरस मात्र त्यांना हलका वाटला नाही. तीन वाट्या झाल्या.

तेव्हा मी गप्प बसलो. जावयापुढे बोलू नये अशी आमच्याकडे रीत आहे. पण वाचकहो, तुमच्यापुढे बोलायला काय हरकत आहे?

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' घ्या. सासर, माहेर, नणदा, सासवा, सगळं त्यात आहे. ती क्रमशः छापली गेली ती 1890 साली निघालेल्या त्यांच्याच साप्ताहिकात, आणि त्या साप्ताहिकाचं नाव काय? 'करमणूक'! हरिभाऊंना त्या शब्दाची लाज वाटली नाही, मग आपल्यालाच का वाटावी? प्राध्यापकांची लाडकी 'कोसला' (1963) घ्या. तिच्यातही बापलेकांचं बिनसतंच, आणि धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी वाचणाऱ्याचा घसा दाटतोच. साता समुद्रापलीकडच्या जेन ऑस्टिनबाईंनी 1813 साली छापलेल्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये पाच मुलींची लग्नं कशी जमणार, या काळजीनं आईचा जीव टांगणीला लागलेला असतो. तीच काळजी आमच्या नेरची बाई करते तेव्हा तो कचरा?

सगळ्याच घरगुती कादंबऱ्या चांगल्या असतात असं मी म्हणत नाही. काही इतक्या वाईट असतात की आमरसाआधीच झोप येते. पण गंभीर पुस्तकंही झोप आणतात. फरक एवढाच, की त्यांच्या बाबतीत ते कुणी कबूल करत नाही.

महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. कपाळाला आठ्या घालूनच वाचावं, असं कलम त्यात असल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता त्याच दुपारची गोष्ट. कादंबरीचं शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. रुसून गेलेला धाकटा भाऊ परत येतो की नाही, कळेना. मग घरात वाद पेटला.

"आधी धाकट्यानं माफी मागायला पाहिजे, आई," वहिनी म्हणाल्या. त्यांनी आणि आत्यानं ते पुस्तक माझ्याआधीच संपवलं होतं.

"माफी कायची?" आत्या उसळली. "मोठ्यानं हाक मारली असंन, त आला असंन पळत. एका धुऱ्यापायी माणूस टाकून देते काय कोणी?"

कादंबरीत धुरा नव्हता. वाडा होता. धुरा होता तो आत्याच्या आणि माझ्या काकांच्या वावरांमधला. त्यावरचं कडुलिंबाचं झाड तोडल्यापासून बहीणभावांत बोलणं नव्हतं. कुणी काही बोललं नाही. नुसता कूलर घरघरत राहिला.

संध्याकाळी आत्यानं मला काकांना फोन लावायला सांगितलं. लोणच्याच्या कैऱ्या तिकडे काय भावानं आहेत, एवढंच तिनं विचारलं. धुऱ्याचा विषय दोघांनीही काढला नाही. पण कैऱ्यांचा भाव सांगायला काकांना वीस मिनिटं लागली.

प्राध्यापक हे सगळं ऐकत होते. रात्री हळूच म्हणाले, "काय हो, तो धाकटा शेवटी येतो का?"

"दुसरी प्रत मागून बघतो," मी म्हटलं. "वाचनालयानं तुमचं ऐकलं नसलं म्हणजे मिळेल."