दापोली ते गुहागर किती लांब?

दापोलीहून गुहागर किती लांब, असं संगणकाला विचारलं की तो सरळ रेघ ओढून तीसेक किलोमीटर सांगतो आणि वर विमानाला किती वेळ लागेल तेही सांगतो. एटीआरसारखं छोटं विमान ताशी पाचशेच्या आसपास वेगाने उडतं. त्या हिशेबाने हा चार मिनिटांचा प्रवास. विमानतळ मात्र दापोलीत नाही, गुहागरातही नाही. कोकण रेल्वेसुद्धा खेड-चिपळूण धरून आतून गेली.

या दोन गावांच्या मध्ये वाशिष्ठी समुद्राला मिळते, ती दाभोळची खाडी. ती टाळून गाडीने जायचं तर आधी समुद्राकडे पाठ करून खेडला उतरायचं, परशुराम घाटातून चिपळूण गाठायचं आणि तिथून पुन्हा पश्चिमेला यायचं. शंभरावर किलोमीटर होतात, अडीच-तीन तास जातात. तोही रस्ता पावसाळ्यात खात्रीचा नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात वाशिष्ठीवरचा जुना पूल खचला आणि महामार्गच बंद पडला.

हा वळसा वाचवला तो फेरीबोटीने. २००३ साली दाभोळ-धोपावे अशी गाड्या नेणारी बोट सुरू झाली आणि दापोली-गुहागर अंतर पन्नासाच्या आत आलं. दुचाकी, टेम्पो, पर्यटकांच्या गाड्या, सगळं एकाच बोटीवर चढतं आणि थोड्याच वेळात पलीकडच्या धक्क्यावर उतरतं. कोकणातल्या दळणवळणात इतक्या थोडक्या साधनांत इतका मोठा फरक पाडणारं दुसरं काम मला चटकन आठवत नाही. (लांबून नकाशा पाहणाऱ्याला खाडी दिसतच नाही. दाभोळच्या नावाने देशभर गाजलेला वीजप्रकल्प प्रत्यक्षात पलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे.)

पण शेवटची खेप गेली की तेच गुहागर पुन्हा शंभरावर किलोमीटर लांब जातं. अडलेली बाळंतीण, साप चावलेला शेतकरी, यांच्यासाठी अंतर घड्याळाप्रमाणे बदलतं, आणि आपल्या सरकारी तक्त्यात त्याला रकाना नाही. शिक्षणहक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी, असं आहे. नियम चांगलाच आहे. मात्र नुसत्या आकड्यातून मधला पऱ्या कळत नाही, आणि त्यावरचा साकव जुलैत जागेवर आहे की वाहून गेला, तेही कळत नाही. शाळा, दवाखाना, एसटीची फेरी ठरवताना अंतर तासांत मोजावं, तेही दोनदा: एकदा मे महिन्यात, एकदा भर पावसात.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या आखणीत दाभोळ खाडीवर पूल आहे. तो लवकर व्हावा. तोवर निदान एसटीने आपल्या गाड्या बोटीच्या वेळांशी जुळवाव्यात, शेवटच्या खेपेची वेळ दापोली आणि गुहागर स्थानकांच्या फलकावर ठळक लिहावी, आणि रात्री रुग्णवाहिका आली तर बोट सोडण्याची कायमची व्यवस्था दोन्ही धक्क्यांवर प्रशासनाने स्वतःच्या खर्चाने करावी.